शेव्हर्ले क्रूझ 1.4 टर्बो : कूलंट सारखं कमी होतंय आणि एक लीक काढला की दुसरा सुरू होतोय

2011 ते 2015 मधली शेव्हर्ले क्रूझ, इंजिन 1.4 टर्बो पेट्रोल, आणि टाकीत दर थोड्या दिवसांनी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ओतावं लागतंय. ज्यांची अशी अवस्था आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. 2016 साली ‘लिमिटेड’ नावाने विकलेली जुन्या बॉडीची क्रूझही यातच धरा. त्यानंतरच्या नव्या बॉडीच्या गाडीत वेगळं इंजिन आहे, तिची दुखणीही वेगळी आहेत. अमेरिकेत शिकायला येणारी आपली मुलं पहिली गाडी म्हणून ही बरेचदा घेतात, कारण जुन्या बाजारात टोयोटा-होंडापेक्षा ती बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. दिसायला चांगली, चालवायला दणकट, हायवेवर स्थिर. मग पहिला हिवाळा येतो आणि फोन सुरू होतात.

लक्षणं जवळजवळ नेहमी सारखीच असतात. गाडी उभी केली की बॉनेटजवळ गोडसर वास येतो, कधी तो आतही शिरतो. सिग्नलला थांबलं की हीटरमधून गार हवा यायला लागते आणि गाडी पळायला लागली की परत गरम. टाकीतली पातळी खुणेच्या खाली गेलेली असते, पण जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. कुणाचा रेडिएटरचा पंखा कारण नसताना फुल स्पीडने फिरत राहतो. अगदीच हाताबाहेर गेलं की इंजिन गरम झाल्यामुळे एसी बंद केल्याचा संदेश डॅशबोर्डवर येतो. हा संदेश दिसला की घरी पोहोचायची घाई करू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. त्या शेवटच्या चार-पाच मैलांत हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) जातं, आणि तिथून पुढे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतो.

लीक परत का येतो

गॅरेजमध्ये जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते: “वॉटर पंप बदलला, महिनाभर बरं चाललं, आता पुन्हा तेच. मेकॅनिकने फसवलं.” फसवणारे असतात, नाही असं नाही. पण या गाडीत बहुतेक वेळा कारण दुसरं असतं, आणि ते समजून घेतलं तर पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

या इंजिनाचा थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) सुमारे 105 अंश सेल्सियसला उघडतो. जुन्या गाड्यांच्या मानाने हे बरंच जास्त आहे. इंजिन गरम राहिलं की पेट्रोल कमी लागतं, म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. इंजिनावर जोर आला तर कॉम्प्युटर थर्मोस्टॅटमधला छोटा हीटर चालू करून तो आधीही उघडू शकतो. म्हणून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) 220 फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण 105 सेल्सियसच्या, आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. पण 105 अंशांच्या आधीच साधं पाणी उकळतं. इथे ते उकळत नाही कारण सगळी यंत्रणा झाकणबंद आहे, आत दाब आहे आणि पाण्यात ग्लायकॉल आहे. म्हणजे रोज तापायचं, रोज दाब सोसायचा, रोज थंड व्हायचं. आणि हे सोसणारे भाग कोणते? टाकी प्लॅस्टिकची, थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं, सिलिंडर हेडवरचं वॉटर आउटलेट प्लॅस्टिकचं, पाइपांची तोंडं प्लॅस्टिकची, आणि या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या सील रबराच्या. इंजिनाचा ब्लॉक मात्र बिडाचा आहे, चांगला जाड.

आता समजा पंपातून गळतंय. गळती चालू आहे तोवर यंत्रणेत पूर्ण दाब तयारच होत नाही. पंप नवा बसवला की दाब पूर्ण भरतो, आणि दहा वर्षं तापून ठिसूळ झालेला पुढचा भाग हात टेकतो. जुन्या इमारतीत नवी मोटर बसवली की ज्या नळांनी कधी कुरकुर केली नव्हती तेही गळायला लागतात, तसंच हे आहे. पंपानंतर आउटलेट, आउटलेटनंतर टाकीचा सांधा. प्रत्येक दुरुस्ती आपापल्या जागी बरोबर असते, तरी मालकाला वाटतं की तोच लीक परत आला. म्हणून या गाडीत दोन गोष्टी पाळायच्या. गळती नक्की कुठून आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. आणि एकदा हात घातला की त्या वयाचे शेजारचे भागही त्याच खेपेला बदलायचे.

गळती कशी शोधायची

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा, शक्यतो सकाळी. गरम इंजिनावर टाकीचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं कूलंट थेट हाता-तोंडावर येतं आणि त्याचे चटके गंभीर असतात. टाकीवरच्या थंड पातळीच्या खुणेपर्यंत कूलंट भरा, बाहेरून मार्करने रेघ मारा आणि तारीख व ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. किती मैलांत किती उतरलं हे कळलं की अर्धं निदान झालं. हजार मैलांत बोटभर उतरणं आणि शंभर मैलांत टाकी रिकामी होणं ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत.

मग टॉर्च घ्या. कूलंट गरम धातूवर पडलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे पांढरट-गुलाबी किंवा नारिंगी खपली राहते. ओलं काही सापडणार नाही, ही खपली शोधायची. शिवाय इंजिनाखाली एक आच्छादन आहे, जे पडेल ते सगळं त्यात साठतं. म्हणून जमीन कोरडी दिसते. 2012 मध्ये 2011-12 च्या सुमारे 4 लाख 13 हजार क्रूझ परत बोलावल्या गेल्या त्या याच आच्छादनामुळे. ऑइल बदलताना सांडलेलं तेल त्यात अडकून पेट घ्यायचा धोका होता. तेव्हा डीलरने ते कापून बदलून दिलं. खालून नीट बघायचं असेल तर आच्छादन काढावंच लागतं. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नका, जॅक स्टँड लावा.

जागा या क्रमाने बघा. आधी कूलंटची टाकी: मधल्या सांध्याची रेघ, झाकणाचे आटे, आणि बारीक पाइप जिथे टाकीला आणि रेडिएटरला लागतात ती तोंडं. मग ड्रायव्हरच्या बाजूला (अमेरिकेत डावीकडे), गिअरबॉक्सच्या वर, सिलिंडर हेडच्या टोकाला बसलेलं वॉटर आउटलेट. याची सील चपटी होते आणि गळलेलं कूलंट गिअरबॉक्सवर ओघळून वाळतं. वरून बघितलं तर दिसत नाही, छोटा आरसा किंवा फोनचा कॅमेरा खाली सरकवून व्हिडिओ काढा. मग पॅसेंजरच्या बाजूला बेल्टजवळ वॉटर पंप. शाफ्टच्या सीलमधून गळतं आणि पंपाखाली नारिंगी-पांढरे ओघळ दिसतात. पंपाचं हे दुखणं इतकं सर्रास होतं की कंपनीने 2011 ते 2014 च्या गाड्यांसाठी त्याची हमी वाढवून 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल केली. आता वयानेच सगळ्या गाड्या त्या मुदतीबाहेर गेल्यात. पण तुमच्या गाडीचा पंप पूर्वी बदलला होता का, हे डीलर व्हीआयएन नंबरवरून (गाडीचा ओळख क्रमांक) सांगू शकतो, तेवढं जरूर विचारा. त्यानंतर थर्मोस्टॅटचं घर, टर्बोला जाणाऱ्या-येणाऱ्या कूलंटच्या लाइन, आणि शेवटी रेडिएटरची प्लॅस्टिकची टोकं जिथे ॲल्युमिनियमच्या गाभ्याला दाबून बसवलेली असतात.

नजरेला काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. ऑटोझोन, ओरायलीसारख्या दुकानांत डिपॉझिट ठेवून तो वापरायला मिळतो आणि परत केला की पूर्ण पैसे परत मिळतात. क्रूझच्या टाकीला आट्यांचं झाकण आहे, त्याला बसणारा ॲडॉप्टर संचात आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या. झाकणावर जेवढा दाब छापलाय तेवढाच द्या, त्यापेक्षा जास्त नको. आणि इथे घाई करू नका. पाच मिनिटं काटा स्थिर राहिला म्हणून “सगळं ठीक” असं सांगून गाडी परत देणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. रबराची सील थंडीत आकसते, त्यामुळे काही गळत्या इंजिन गार असतानाच होतात आणि इंजिन तापलं की आपोआप बंद होतात. ओहायो-मिशिगनच्या जानेवारीत हे फार दिसतं. टेस्टर लावून तासभर सोडा, जमलं तर रात्रभर बाहेरच्या थंडीत, आणि सकाळी टॉर्च घेऊन फिरा. ओला चमकणारा एखादा धागा दिसला की सापडलं.

झाकणाचीही परीक्षा याच टेस्टरवर होते. झाकणातली स्प्रिंग ढिली झाली की दाब आधीच सुटतो, कूलंट वाफ होऊन निघून जातं आणि कुठेच खपली दिसत नाही. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, आणि सगळ्यात उशिरा बदलला जातो तोही हाच.

बाहेर काहीच दिसत नसेल तर

काच आतून धुरकट होतेय, तिच्यावर तेलकट थर बसतोय, पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे: हीटर कोअर (आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळतोय. टाकीत तेलाचा तवंग किंवा चॉकलेटसारखा गाळ दिसतोय: ऑइल कूलरची सील गेल्याची शक्यता मोठी. तिथे तेल आणि कूलंट अगदी शेजारून वाहतात आणि मध्ये फक्त गॅस्केट असतं. अशा वेळी लोक लगेच हेड गॅस्केट उडालं म्हणून गाडी भंगारात काढतात. आधी ऑइल कूलर तपासून घ्या, ते काम हेड उघडण्यापेक्षा बरंच लहान आहे.

हेड गॅस्केटची शंका असेल तर निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट करा. टाकीच्या तोंडातून हवा त्या द्रवातून ओढायची. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी थरथरते, मिसफायरचा (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याचा) कोड येतो, एक स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, ही सगळी त्याच दिशेची चिन्हं. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून निष्कर्ष काढू नका. हिवाळ्यात दोन-तीन मैलांचेच फेरे होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफेचं पाणी तेलात मिसळून ती साय बनते.

स्कॅनरवर कोड P0128 असेल तर बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय, इंजिन हवं तेवढं तापत नाहीये. P0597, P0598, P0599 हे थर्मोस्टॅटच्या हीटरच्या सर्किटचे. कनेक्टर उघडून त्यात कूलंट झिरपलंय का ते आधी बघा, नाहीतर नवा थर्मोस्टॅट टाकूनही कोड परत येईल.

आणि एक वेगळं दुखणं, जे लोक याच्याशी घोळतात. कूलंट जागेवर आहे पण ऑइल कमी होतंय, व्हॉल्व्ह कव्हरमधून सूंऽऽ असा आवाज येतोय, P0171 किंवा P1101 येतोय. हा पीसीव्ही यंत्रणेचा (इंजिनाच्या पोटात साठणारे वायू परत आत ओढून घेणारी व्यवस्था) प्रश्न. कव्हरमध्येच एक रबरी पडदा बसवलेला असतो, तो फाटतो. इंजिन चालू असताना कव्हरवरच्या गोल चकतीच्या बारीक भोकावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर पडदा गेला. पण नुसतं कव्हर बदलून भागत नाही. इंटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणारा भाग) आत एक नखाएवढा रबरी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) असतो, तो तुटून इंजिनात गेलेला असेल तर टर्बोचा दाब उलटा येतो आणि नवा पडदाही फाडतो. दुसऱ्यांदा कव्हर बदलायची वेळ आली असेल तर मेकॅनिकला मॅनिफोल्डचं भोक टॉर्चने दाखवायला सांगा.

दुरुस्ती करताना

‘स्टॉप लीक’ टाकून गळती बंद करायच्या भानगडीत पडू नका. ती पावडर किंवा द्रव हीटर कोअरच्या आणि टर्बोच्या लाइनच्या बारीक वाटा आधी बंद करते.

वॉटर आउटलेट बदलताना बाजारात मिळणारं ॲल्युमिनियमचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच खेपेला सील, झाकण, आणि टाकी पिवळी पडून तडकायला लागली असेल तर टाकीही घ्या. पंप काढायचा असेल तर बेल्टही सोबत बदला, मजुरी वेगळी पडत नाही. बसवायची जागा नायलॉनच्या पॅडने हलक्या हाताने साफ करा. पत्र्याच्या खरवडणीने ॲल्युमिनियमवर चरे पडले तर नवी सीलही तिथूनच गळेल. बोल्ट लहान आहेत, अंदाजाने आवळू नका. टॉर्क रेंच घ्या आणि मॅन्युअलमधला आकडा वापरा.

कूलंट डेक्स-कूल (जनरल मोटर्सचं नारिंगी कूलंट) प्रकारचंच, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी नको. हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट त्यात मिसळू नका. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना घातक ठरतं.

भरल्यावर हवा काढणं हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा स्क्रू आहे. तो सैल करून हळूहळू भरा, फेस नसलेलं कूलंट आलं की बंद करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या, पंखा एकदा लागून थांबू द्या, मग गाडी पूर्ण गार झाल्यावर परत पातळी बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी खाली येते, कारण अडकलेली हवा निघते. तो लीक नव्हे. सिग्नलला हीटर गार पडण्याची तक्रार तर कित्येकदा नुसती हवा काढल्यानेच संपते.

या कंपनीचं आणि थंडाव्याचं जुनं नातं

या गाडीचं कुणी मनापासून कौतुक करतं, कुणी तिला वैतागतं. मालकांचे अनुभव इतके टोकाचे का आहेत हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. लुई शेव्हर्ले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला रेसर. त्याचं नाव घेऊन विल्यम ड्युरंटने 3 नोव्हेंबर 1911 ला डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली. ड्युरंट हाच जनरल मोटर्सचा संस्थापक, पण 1910 मध्ये तिथून बाहेर काढला गेलेला. लुईला उंची गाड्या बनवायच्या होत्या, ड्युरंटला फोर्डच्या मॉडेल टीला टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती. लुई लवकरच बाहेर पडला, नाव मागे राहिलं. 1915 मध्ये 490 डॉलरची ‘490’ आली, शेव्हर्लेच्या जोरावर ड्युरंटने जनरल मोटर्स परत मिळवली, आणि 1918 मध्ये शेव्हर्ले तिचा भाग झाली. सामान्य माणसाला परवडणारी गाडी हा या नावाचा पाया तेव्हापासूनचा. 1955 चं स्मॉल-ब्लॉक व्ही-8 तर इतकं सरळ आणि टिकाऊ निघालं की त्याच्या वंशातली इंजिनं पुढे कित्येक दशकं बनत राहिली.

दुसरी बाजू ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात दिसते. 1970 च्या सप्टेंबरमध्ये तिथून शेव्हर्ले व्हेगा आली, जपानी आणि जर्मन छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून. मोटर ट्रेंड मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवलं. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सिलिंडरला लोखंडी लायनर नाहीत, वर हेड मात्र बिडाचं. रेडिएटर लहान. कूलंट थोडं कमी झालं की इंजिन तापायचं, सिलिंडर वाकडे व्हायचे, गॅस्केट जायचं, मग तेल जळायचं. कंपनीला नंतर कूलंटची वेगळी बाटली बसवावी लागली, पातळी कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा द्यावा लागला, इंजिनाची हमी 50,000 मैलांपर्यंत वाढवावी लागली. वर गंज होताच. 1972 मध्ये तासाला शंभर गाड्यांच्या वेगाविरुद्ध तिथल्या कामगारांनी संपही केला. 1977 पर्यंत सुमारे 20 लाख व्हेगा विकल्या गेल्या, आणि शेव्हर्लेवरचा विश्वास गमावलेली एक मोठी पिढी तयार झाली.

पुढे 1996 च्या मॉडेल्सपासून डेक्स-कूल आलं. व्ही-6 इंजिनांच्या इंटेक गॅस्केटमधून कूलंट गळण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की प्रकरण कोर्टात गेलं आणि 2008 मध्ये तडजोडीत मालकांना भरपाई मिळाली. लॉर्ड्सटाउनमध्येच बनलेल्या कोबाल्टचा इग्निशन स्विच तर याहून भयंकर. चावी चालत्या गाडीत आपोआप सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. स्विच 2006 च्या सुमारास गुपचूप सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे कळायला वर्षं गेली. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त संतापजनक वाटते. आणि म्हणूनच सांगतो, सुटा भाग घेताना नुसत्या नंबरवर जाऊ नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा, बिल आणि डबा जपून ठेवा.

क्रूझ याच कारखान्यात 2010 मध्ये सुरू झाली, जनरल मोटर्सच्या 1 जून 2009 च्या दिवाळखोरीनंतर लगेच. 2011 मध्ये अमेरिकेत 2 लाखांहून जास्त विकल्या गेल्या. 6 मार्च 2019 ला तिथली शेवटची क्रूझ बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला.

मग गाडी चांगली की वाईट?

व्हेगात रोग इंजिनाच्या पोटात होता. क्रूझमध्ये तो बाहेरच्या प्लॅस्टिकमध्ये आहे, आणि हा फरक फार मोठा आहे. ब्लॉक बिडाचा, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. ज्यांनी पहिला लीक वेळेत पकडला, हायवेवर चालवली, ऑइल वेळेवर बदललं, त्यांच्या गाड्या दीड-दोन लाख मैलांपर्यंत जातात आणि ते लोक मनापासून कौतुक करतात. ज्यांनी वर्षभर नुसतं टॉप-अप केलं, किंवा ज्यांच्या आधीच्या मालकाने केलं, त्यांची एकदा तापते आणि संपते. दोघंही खरं बोलतात. गाडी एकच, पण ती तुम्ही कोणत्या टप्प्यावर घेतलीत यावर अनुभव ठरतो. कंपनीने एवढे सांधे प्लॅस्टिकचे ठेवायला नको होते, हे मात्र कितीही कौतुक केलं तरी उरतंच.

भारतातल्या वाचकांसाठी: हे 1.4 टर्बो इंजिन आपल्याकडच्या क्रूझला नव्हतं. 2009 मध्ये भारतात आली ती 2.0 लिटर डिझेल. वरचे कोड आणि पार्टच्या जागा तिला लागू नाहीत, पण प्रेशर टेस्ट, झाकण आणि हवा काढणं तसंच्या तसं लागू आहे. जनरल मोटर्सचा भारतातला पहिला कारखाना 1928 मध्ये मुंबईत शिवडीला होता, शेवटचा तळेगावला. 2017 अखेर इथली विक्री थांबली, 2020 च्या डिसेंबरमध्ये तळेगावचं उत्पादनही, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. सुटे भाग मिळवायला दिवस लागतात, म्हणून भारतातल्या मालकांनी झाकण, थर्मोस्टॅट आणि होज आधीच घेऊन ठेवलेले बरे.

जुनी क्रूझ घ्यायला जाणार असाल तर व्हीआयएन टाकून एनएचटीएसएच्या (अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था) साइटवर रिकॉल बघा, पंप आणि आउटलेट बदलल्याची बिलं मागा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी गार असतानाच बघणार. आधी तळहात रेडिएटरजवळ धरून गाडी गार आहे ना ते बघा, मगच टाकीचं झाकण स्वतः उघडा. कूलंट स्वच्छ नारिंगी हवं, तपकिरी किंवा तेलकट नको.  गाडी आधीच चालवून गरम केलेली असेल तर त्या दिवशी पैसे देऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.